चपलांचं ऑनलाइन दुकान नव्याने मांडताना
सध्या एका कपडे-चपलांच्या दुकानाची वेबसाइट नव्याने करतोय, आणि रंग, बॅनर वगैरे पटकन उरकलं पण खरा वेळ खातोय तो साइज. बघा ना, यूके साइज एका नंबरने वाढला की लांबी वाढते साधारण 8.5 मिलिमीटर, युरोपियनमध्ये तेच 6.67, म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळणारच नाहीत, आणि जुन्या साइटवर नुसतं 8 लिहिलेलं, कुठला 8 ते गिऱ्हाइकाने ओळखायचं! मग माल परत येणारच की. आता प्रत्येक जोडाखाली पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये देतोय, कागदावर पाय ठेवून मोजा, शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो.

कोल्हापुरीचं तर वेगळंच. हाताने बनते, चामडं वापरून सैल होतं, त्यामुळे सुरुवातीला जरा घट्ट बसेल हे खरेदीच्या बटणापाशीच लिहायला हवं. 2019 मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागात बनणाऱ्या वस्तूला मिळणारा भौगोलिक मानांकनाचा दर्जा, मिळालाय तिला, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून, तर ती कुठल्या गावात बनली हे फोटोसोबत दिसलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आणि संपलेला साइज लपवू नका हो, पुसट करून दाखवा, म्हणजे निदान 'आला की कळवा' असं तरी माणूस सांगू शकतो.