शंभराची यादी आणि चार अंडी

१ एप्रिलला वहीच्या पहिल्या पानावर ऐटीत लिहिलं होतं : सोलापूर आणि आसपासचे पंचवीस-तीस किलोमीटर, मृग लागेपर्यंत पक्ष्यांच्या १०० जाती, भिडू – बारक्या (वय सात). आज मृग लागला आणि आकडा ६१ वर आहे. तोही वादातला, पण ते शेवटी सांगतो.

माझं पहिलंच गणित चुकलं होतं. एप्रिल अर्धा सरेस्तोवर हिवाळी पाहुणे निघून जातात. ज्वारीच्या रानांवर धुरासारखे फिरणारे भोरड्यांचे थवे महिनाअखेर शोधूनही सापडेनात. राहतात ते आपले घरचेच. घरच्यांवर शंभर गाठायला सकाळी सहा ते दुपारी बारा वणवण लागते, आणि सात वर्षांच्या पोराला घेऊन सोलापूरच्या मे महिन्यात साडेआठनंतर बाहेर राहणं म्हणजे घरी आल्यावर हिच्यासमोर उभं राहायची तयारी ठेवणं.

सामान

लहान मुलांना सोबत नेणाऱ्यांसाठी आधी दुर्बिणीचं सांगतो, कारण पहिले दहा दिवस त्यातच गेले. माझी ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची). वजनाचा प्रश्न होताच, पण खरी अडचण निघाली डोळ्यांमधल्या अंतराची. दोन्ही नळ्या पार मिटवल्या तरी बारक्याच्या डोळ्यांना त्या रुंदच पडतात. तो "दिसला, दिसला" म्हणायचा आणि मी खुश व्हायचो. एकदा सहज विचारलं, कुठल्या रंगाचा? तर म्हणाला, "काळा. सगळं काळंच दिसालंय." म्हणजे दहा दिवस पोरगं मला बरं वाटावं म्हणून मान डोलवत होतं.

तोडगा असा काढला : एकच नळी वापरायची, दुसरा डोळा हातानं झाकायचा. आणि टेकू म्हणून आईनं जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून त्यात दीड किलो ज्वारी भरून दिली. स्कूटरच्या सीटवर ती पिशवी ठेवायची, मधे दाबून खळगा करायचा, त्यात दुर्बीण. अजिबात हलत नाही. ट्रायपॉडचे पैसे वाचले. फक्त पिशवी माळ्यावर ठेवू नका, आमच्या पहिल्या पिशवीला उंदरानं भोक पाडलं.

१४ एप्रिल

सुट्टी. घरामागच्या हद्दवाढ भागात प्लॉट पाडलेत. दोन-तीन बांधकामं चालू, बाकी खडी, मुरूम आणि वेड्या बाभळी. वेडे राघू बघायला गेलो होतो. टिटवीनं डोक्यावर घिरट्या घालून जीव नकोसा केला. मी वर बघत होतो, बारक्या खाली.

"पप्पा, ही ओरडालीय. ती दुसरी का गप हाय?"

दुसरी मान आत ओढून, वाकून, चोरासारखी खडीतनं चालत निघाली होती. पंधरा-वीस पावलं गेल्यावर ताठ उभी राहिली आणि मग तीही बोंबलायला लागली. वीस वर्षं टिटव्या बघतोय. ओरडणाऱ्या टिटवीकडे बघायचं नसतं, न ओरडणारी कुठून उठली ते बघायचं असतं, हे ठाऊक असूनही मी आभाळाकडेच बघत होतो.

आम्ही मागं सरून स्कूटरपाशी बसलो. दहा मिनिटांनी गप बसणारी तशीच वाकत परतली, एका जागी थांबली, पोटाची पिसं फुलवली, डावी-उजवीकडे हलून बूड टेकलं. घरटं म्हणजे खडीतला बशीएवढा खळगा. काडी नाही, गवत नाही.

१६ एप्रिल

समोरच्या बांधकामावरच्या वॉचमनमामांनी पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर येऊ दिलं. मामा अक्कलकोटकडचे, मराठी बोलता बोलता कधी कन्नडमध्ये जातात ते त्यांनाही कळत नाही. वरून साधारण चाळीस पावलांचं अंतर. टिटवी अंडी फिरवायला उठली तेव्हा मोजली : चार. निमुळती टोकं आतल्या बाजूला, फुलीसारखी मांडलेली. रंग त्याच खडीचा, वर काळे शिंतोडे. दुर्बीण काढून पुन्हा लावली तर मला स्वतःला जागा सापडायला दोन मिनिटं लागली.

परवा चौथं अंडं दिसलं नव्हतं. म्हणजे उबवण आजपासून धरायची. टिटवीला अठ्ठावीस-तीस दिवस लागतात. बारक्यानं कॅलेंडरवर १४ मेला लाल स्केचपेननं गोल केला. त्या चौकोनात हिनं गॅस सिलिंडरचं काहीतरी लिहिलेलं होतं, ते गेलं.

घरात ठरवलेले नियम : जवळ जायचं नाही, फोटो नाही, कुठल्याही ग्रुपवर जागा टाकायची नाही. आपण जवळ गेलो की टिटवी उठते, ऊन थेट अंड्यांवर पडतं, आणि आपल्याकडे लक्ष ठेवून बसलेल्या कावळ्याला पत्ता मिळतो. घरट्याचे क्लोजअप टाकणाऱ्यांना यावर काय म्हणायचंय ते मला माहीत आहे, ते पुन्हा ऐकायचं नाही.

२२ एप्रिल

आईला सांगितलं तर ती आधी चिडली. रात्री टिटवी ओरडली की कुणाचं तरी वाईट होतं, आणि तुम्ही बापलेक तिच्या दारात बसताय. मग स्वतःच विचारलं, अंडी उंचावर घातलीत का खोलगटात? उंचावर असतील तर पाऊस भरपूर, असं तिच्या माहेरी बार्शीकडे म्हणायचे. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. बारक्यानं लगेच हिशेब केला : एखादं फुटलं तर तीनच महिने का? आजी म्हणाली, "टिटवी देखील समुद्र आटवते, तुझं काय घेऊन बसलास."

२७ एप्रिल – हिप्परगा

यादी वाढवायची म्हणून तळ्यावर. चित्रबलाक, शेकाट्या, नदीसुरय, खंड्या, तीन जातींचे बगळे. माझ्यासाठी चांगली सकाळ. बारक्याला फक्त शेकाट्याचे गुलाबी पाय आवडले. "ह्याला पँट शिवायची तर किती कापड लागंल?" परत येताना तुळजापूर रस्त्यावर स्कूटर पंक्चर, साडेनऊचं ऊन, पाऊण किलोमीटर ढकलत. पंक्चरवाल्याशेजारी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं म्हणून दिवस वाचला. घरी विचारलं काय बघितलं, तर त्यानं गुऱ्हाळाच्या घुंगरांचं वर्णन केलं.

४ मे – नान्नज

पहाटे पाचला निघालो. माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर एकेकाळी ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, ते आता १,२२२ वर आलंय. माळढोक दिसेल ही आशा धरून मी गेलो नव्हतो, आणि तो दिसलाही नाही. बारक्यानं विचारलं, "मग नाव त्याचं का ठेवलंय?" मी पाण्याची बाटली काढून दिली.

पण माळटिटवी अगदी मनासारखी दिसली. आपल्या टिटवीची डोळ्यापुढची कातडी लाल, हिची पिवळी, लोंबती. डोक्यावर काळी टोपी, नेमकी कोरल्यासारखी. आणि आवाजी कमी, सभ्य बाई. धाविक एक जोडी : चार पावलं पळायचं, गपकन थांबायचं, वाकून टिपायचं, पुन्हा पळायचं. बारक्यानं गाडीमागं तशीच चाल करून दाखवली, ती अजून घरात चालू आहे. काळविटांचा कळप लांबून. आजचे नवीन सहा, एकूण ५२.

परतताना त्याचा एकच प्रश्न, आपली टिटवी काय करत असेल. आपली.

१० मे

या नोंदीसाठीच हा सगळा खटाटोप लिहायला घेतला.

सोलापुरात शून्य सावलीचा दिवस १० मेच्या आसपास येतो, वेळ दुपारी १२ वाजून २३ मिनिटांच्या जवळपास. सूर्य बरोबर डोक्यावर. आम्ही गच्चीवर तांब्या ठेवून बघणार होतो. बाराच्या सुमाराला बारक्या म्हणाला, टिटवीची सावली पण जाईल का? मग अंड्यांवर ऊन पडेल की!

हिची नजर चुकवली असं म्हणणार नाही. दोघांनी डोक्याला ओले टॉवेल बांधले आणि "पंधरा मिनिटांत येतो" असं जिन्यातून ओरडलो. पारा ४३ च्या पुढं. स्लॅबवर पाय ठेववेना, मामांनी सिमेंटची रिकामी पोती अंथरली. बारक्याची सावली त्याच्याच चपलांखाली गोळा झालेली.

टिटवी बसलेली नव्हती, उभी होती. पाय फाकवून, पंख अंगापासून किंचित सोडून, चोच उघडी, गळा थडथडत होता. आणि तिची सावली कुठंही गेली नव्हती. सूर्य डोक्यावर, म्हणून ती सगळीच्या सगळी तिच्या पोटाखाली पडली होती, एखाद्या ताटलीसारखी गोल, आणि चारही अंडी त्या ताटलीत.

बारा पंचविसाला दुसरी टिटवी आली. जोडीदार. मामांनी विटांवर पाणी मारलेलं, त्याचं डबकं साचलं होतं, त्यात तो आधी पोट टेकवून बसला होता. ओल्या पोटानं चालत आला, ती बाजूला झाली, हा अंड्यांवर बसला. पोटाची पिसं भिजवून अंडी गार ठेवतात हे वाचलं होतं, कधी बघितलं नव्हतं. सकाळी सहा ते साडेआठ पक्षी बघणाऱ्याला हे दिसणारच नाही. दुपारी साडेबारा ही पक्षी बघायची वेळ नाही, असं मी कित्येकांना सांगत आलोय.

घरी काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. तांब्याची सावली राहून गेली.

१४ आणि १५ मे

१४ ला संध्याकाळी बसलेली होती. १५ ला सकाळी खळगा रिकामा. कवचाचा तुकडाही नाही. बारक्या काहीच बोलला नाही, स्लॅबच्या कडेला खडे लावत बसला, मग एकदम रडायला लागला. मी समजावलं, पिल्लं बाहेर आली की काही तासांत चालायला लागतात, आईबाप कवचं उचलून लांब टाकतात, म्हणून रिकामं घरटं वाईटच असं नाही. हे खरं आहे. पण मामांनी रात्री मुंगूस बघितलं होतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही.

१७ मे

दोन्ही टिटव्या डबक्यापलीकडे, भरपूर आरडाओरडा. म्हणजे काहीतरी आहे. अर्धा तास नुसती खडी बघितली. मग एक खडा पळाला. पायच जास्त, वर कापसाचा मळका बोळा. आईनं आवाज बदलला की जागच्या जागी दबून पुन्हा खडा. एक नक्की, दुसरं बहुतेक. २० ला वळीव येऊन गेल्यावर दोन्ही एकत्र दिसली. बाकीच्या दोघांचं काय झालं, पत्ता नाही. मामांनी त्या बाजूला खडीचा टिपर रिकामा होऊ नये म्हणून दोन ड्रम उभे करून दोरी बांधली होती, आम्ही न सांगता.

७ जून

प्लॉटवर जेसीबी आलाय. टिटव्या रस्त्यापलीकडे, पिल्लं आता निम्म्या उंचीची, डोकं काळं पडायला लागलंय.

आता वाद. आज पहाटे पावशा ऐकला, अगदी स्पष्ट, 'पेरते व्हा' चार-पाच वेळा. मी वहीत ६२ लिहिलं. चेकलिस्टमध्ये ऐकलेला पक्षी चालतो, सगळेच धरतात. बारक्यानं वही घेतली, विचारलं, "दिसला का?" नाही. "मग?" आणि खोडरबर घेऊन आला. पेननं लिहिलेलं होतं, त्यामुळे पान फाटलं.

तर ६१.