ओनुस, अनस् आणि आमची बंडी

शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादात आमच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला सांगितले, की ‘ऑनस’ आपल्यावर आहे, म्हणजे धुरा आपला असल्याचे आपणच सिद्ध करायचे. तेव्हापासून हा शब्द माझ्या मनातून जाईना. लॅटिनमध्ये ‘ओनुस’ म्हणजे ओझे आणि त्यावरून झालेले ‘ओनेरारे’ हे क्रियापद म्हणजे लादणे: जहाजावर किंवा जनावरावर माल लादणे, आणि त्याच ओघात माणसावर काम, कर, काळजी लादणे. मालवाहू जहाजाला रोमन लोक ‘ओनेरारिया’ म्हणत.

‘ओनुस’मधल्या ‘स’चा क्रियापदात ‘र’ झाला, कारण दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘स’ जुन्या लॅटिनमध्ये ‘र’ होत गेला. तो ‘र’ मागे नेऊन पुन्हा ‘स’ केला आणि लॅटिन ‘ओक्टो’चे नाते आपल्या ‘अष्ट’शी जुळते त्या रीतीने ‘ओ’च्या जागी ‘अ’ घेतला, की संस्कृतातला ‘अनस्’ समोर येतो. अनस् म्हणजे गाडा. भाषाशास्त्रज्ञ हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानतात, आणि दोन्ही नपुंसकलिंगीच आहेत. हा अनस् वाहून नेणारा तो ‘अनड्वान्’, म्हणजे बैल. ‘अनड्वान् दाधार पृथिवीमुत द्याम्’, बैलाने पृथ्वी आणि द्युलोक धरून ठेवले आहेत, असे अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात म्हटले आहे.

लॅटिनने ओझे जपले, संस्कृताने गाडा आणि बैल जपले. मला संस्कृताची आठवण अधिक भरीव वाटते, कारण ओझे कोणाच्या खांद्यावर आहे हे ती सांगते. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरताना बाबा मागे फार चढू देत नसत. ‘उलाळ होते, बैलाच्या गळ्याले फास बसते,’ म्हणत; उलाळ म्हणजे मागच्या भाराने जू वर उचलले जाणे. मग थोडा कापूस पुढे घेऊन जुवावरचा भार हाताने उचलून पाहत. ओनेरारेची खरी विद्या मी तिथे पाहिली.

उलट क्रिया ‘एक्सोनेरारे’, म्हणजे ओझे उतरवणे. आरोपातून मोकळे करणे या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यातूनच आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने हळद-लोणी लावताना जुवाखालची कातडी बोटांना चपलेच्या तळासारखी टणक लागते, आणि बाबा बैलाच्या कानाशी वाकून म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’