चेन नाही, बेल्ट! जुन्या सिटी व्हीटेकच्या कामाचा माझा अनुभव

माझी होंडा सिटी व्हीटेक २००२ ची आहे. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, १०६ हॉर्सपॉवर. आर्वीहून तळेगावला येऊन अमरावती हायवेला लागलं आणि आरपीएम वर चढू दिला की तिचा आवाज आजही बदलतो. व्हीटेक म्हणजे जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह अधिक उघडणारी होंडाची यंत्रणा, तिचाच तो आवाज. त्या आवाजासाठीच गाडी ठेवली आहे. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड ही कामं गावातला मेकॅनिक बिनबोभाट करतो. अडलं ते टायमिंग बेल्टवर, तेही नागपूरच्या एका पार्टवाल्याच्या काउंटरवर.

टायमिंग बेल्ट म्हणजे खालच्या क्रँकचं फिरणं वरच्या कॅमला देऊन व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा दातेरी पट्टा; काही इंजिनांत हेच काम लोखंडी चेन करते. बेल्ट रबराचा असतो. गाडी कमी फिरली तरी वर्षांनी तो कडक होतो, आणि या इंजिनात तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मेकॅनिकनं वरचं कव्हर काढून बोटानं बेल्ट उलटा केला, तर दातांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा. "भाऊ, आता हे चालवू नका," म्हणाला. गाडी त्याच्याच शेडमध्ये उभी केली.

काउंटरवर फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सिटीले बेल्ट राहतच नाही ना भाऊ, चेन राहते." मी सांगितलं, माझी जुनी आहे. "कोणती, व्हीटेक ना? दीड लिटर? मग चेनच." त्याचा घोळ कुठं होत होता ते मला कळत होतं. २००३ च्या शेवटी सिटीचं नवं मॉडेल आलं, त्याला चेन आहे, आणि पुढं त्या मॉडेलमध्येही दीड लिटरची व्हीटेक आली. नाव तेच, इंजिन वेगळं. मी म्हणत होतो, चेसिस नंबर लिहून घ्या. तो म्हणत होता, मॉडेल सांगा. आरसी बुकाचा फोटो पाठवला, तो उघडलाच नाही. शेवटी अ‍ॅडव्हान्स घेतला आणि ट्रॅव्हल्सनं पार्सल पाठवलं. त्यात वॉटर पंप निघाला, तोही नव्या मॉडेलचा. परत पाठवायचं भाडं माझ्याच माथी. वर सल्ला, "एवढ्या जुन्या गाडीवर काहून खर्च करता जी, स्क्रॅपला द्या." मला याचाच राग आहे. पार्ट नाही तर नाही म्हणा, पण गाडी ठेवायची की काढायची हे काउंटरनं ठरवायचं नाही.

मग मेकॅनिकनं बेल्ट आणि पंप काढूनच दिला आणि मी दोन्ही पिशवीत घालून स्वतः नागपूरला गेलो, दुसऱ्या एका छोट्या दुकानात. तिथल्या काकांनी आधी बेल्टच्या पाठीवरचा पुसट नंबर वाचला, मग दात मोजले, मग चेसिस नंबर विचारला. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), पंप, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील, सगळं थोड्या दिवसांत एसटी पार्सलनं आलं. पंप या बेल्टवरच फिरतो, म्हणून तो सोबतच बदला, नाहीतर पंप गळाला की सगळं पुन्हा उघडावं लागतं. सील जुने ठेवले तर ऑइल नव्या बेल्टवर उतरतं.

आधी सांगायचं राहिलं: क्रँक पुलीचा बोल्ट या गाड्यांत भयंकर जाम असतो. तो साध्या पान्यानं सोडवू देऊ नका, डोकं झिजतं. पुली धरायचं टूल आणि लांब पाइप लागतो. डावं पुढचं चाक काढून, इंजिनखाली जॅक लावून काम होतं. कॅम पुलीवरची 'अप'ची खूण वर आलेली स्वतः बघा. आणि हे इंजिन उलटं, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरतं, ते मेकॅनिकला आधीच सांगा.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट, थंड इंजिनावरच बघतात. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी शेडमध्ये पानाही हातात धरवत नाही, म्हणून ते काम उजाडताच केलं. कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळून रोजचं येणं-जाणं असेल तर रेडिएटरच्या जाळीतली रुई काढत जा. ऑइलची पातळीही बघत जा, कारण व्हीटेक चालते ऑइलच्या दाबावर.

नवा बेल्ट पडल्यावर तळेगावपर्यंत नेली. आवाज बदलला तेव्हा मेकॅनिक शेजारच्या सीटवर होता, त्यानं नुसती मान हलवली. आता पुढचे सस्पेन्शन बुश बदलायचे आहेत. त्या काकांकडं चेसिस नंबर आधीच लिहून ठेवला आहे.