तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी जुनी कॅम्पर जॅकवर चढवायची कशी?

सिग्नलला, पेट्रोल पंपावर, इथे नागपुरात फुटाळा तलावावर चहा घेताना, कुठेही गाडी थांबली की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "ताई, हे मॅटाडोर हाय का?" आणि दुसरा जरा गाड्यांमधलं कळणाऱ्यांचा, की एवढी जड जुनी गाडी, रस्त्यात टायर बसलं तर उचलता कशी, जॅक लावता कुठे? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, मॅटाडोर नाही, फोक्सवॅगनची टाइप टू व्हॅन आहे, आत झोपायची सोय केलेली, पुढे एकच मोठी काच असलेली, जी जर्मनीत १९६७ ते १९७९ बनली आणि ब्राझीलमध्ये तर पार २०१३ पर्यंत. दुसऱ्याचं उत्तर सिग्नल सुटेपर्यंत संपत नाही म्हणून इथे लिहिते.

आधी जॅक कुठे ते, कारण खरा धोका तिथेच आहे. कंपनीने दोन्ही बाजूंना बॉडीच्या खालच्या कडेला चौकोनी नळ्या दिल्यात, सोबतच्या जॅकचा दांडा त्यात घालायचा आणि ती बाजू उचलायची. गाडी नवी होती तेव्हा हे ठीकच होतं. पण इतक्या वर्षांत त्या कडेत पाणी नि चिखल साठून पत्रा आतून सडतो, वरून रंग चकाचक दिसतो, आणि जॅक फिरवला की गाडी जागची हलत नाही, नळीच पत्र्यात वर घुसते. किंवा गाडी अर्धी उचलल्यावर सुटते, ते जास्त वाईट. म्हणून अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, सीट कव्हर नि पडदे नंतर, आधी वेल्डिंगवाल्याकडे गाडी वर घेऊन या चारही जागा स्क्रूड्रायव्हरने ठोकून, टोचून बघा. आवाज बद्द आला किंवा खपल्या पडल्या तर तिथला पत्रा कापून नवा टाकल्याशिवाय त्या जागेवर भरवसा नाही. कंपनीचा जॅक मी गाडीत जपून ठेवलाय, तो त्या गाडीचाच आहे, पण काम बॉटल जॅकवर करते, म्हणजे बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर चालणारा जॅक. पुढचं चाक असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन आडव्या नळ्यांपैकी खालच्या नळीच्या टोकाला, मागचं असेल तर टॉर्शन बारच्या (स्प्रिंगसारखं काम करणाऱ्या पिळाच्या सळीच्या) जाड नळीच्या टोकाला, चाकाच्या जवळ, आणि मध्ये एक लाकडी गुटका. इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या पोटाखाली कधीच नाही, ते हलक्या धातूचं ओतकाम आहे, गाडीचं वजन झेलायला बनवलेलं नाही.

हवा पूर्ण गेली की गाडी इतकी खाली बसते की बॉटल जॅक खाली शिरतच नाही. अशा वेळी बसलेलं चाक हळूच एका जाड फळीवर चढवून घ्यायचं, तेवढी उंची पुरते. नि गाडी उचलताना लक्षात ठेवा, बॉडी वर जाते तसं चाक आधी खाली लोंबतं, त्यामुळे बराच वेळ वाटतं काही होतच नाहीये, आणि हवा भरलेली स्टेपनी बसलेल्या चाकापेक्षा उंच असते, तिला बसायला आणखी थोडं वर घ्यावंच लागतं.

आता इंजिन. ते मागे आहे, ओढही मागच्या चाकांची, आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना. म्हणजे मागचं एक चाक उचललं की गिअर टाकून ठेवल्याचा काही उपयोग उरत नाही, डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला गिअर धरून ठेवत नाही. उरतो फक्त त्या एकट्या चाकाचा हँडब्रेक, तोही जुन्या केबलवर. म्हणून मागचं चाक काढताना पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके, घट्ट, आणि सेमिनरी हिल्ससारख्या उतारावर तर चाक काढायचंच नाही, रिम खराब झाली तरी चालेल पण गाडी रांगत रांगत सपाटीवर न्यायची. रिम नवी मिळते हो.

आपल्याकडची जमीन हा वेगळाच विषय आहे. शहरात सिमेंटचे रोड आहेत तोवर काळजी नाही, पण उमरेड रोडला किंवा काटोलकडे गाडी कडेला घेतली की खाली काळी माती, आणि पावसाळ्यात ती माती जॅक सरळ गिळते. उन्हाळ्यात उलट, पारा ४५ च्या पुढे गेला की डांबर मऊ पडतं आणि जॅकचा तळ तिरका रुततो. माझ्या गाडीत बेडखाली जाड प्लायवूडचा एक मोठा तुकडा कायम असतो, जॅक त्याच्यावर. कोणी म्हणतं वीट लावा, नका लावू, वीट वजनाखाली एका क्षणात फुटते.

उचलायच्या आधी सगळी माणसं खाली, झोपलेलं पोरगंसुद्धा, पाण्याचा कॅनही बाहेर. व्हील पाना लावून नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, पाव फेरी बस, कारण हवेतल्या गाडीला जोर लावला की ती जॅकवरून सरकते. बरेच पंक्चरवाले हवेच्या गनने नट इतके आवळतात की रस्त्यात ते हलतच नाहीत, म्हणून दुकानातच सांगायचं, भाऊ, शेवटचं हाताने आवळा. पान्यावर चढवायला एक लांब पाइपचा तुकडा ठेवला की माझ्यासारख्या पन्नास किलोच्या बाईलाही नट सुटतात. आणि काढलेलं चाक लगेच गाडीच्या कडेखाली आडवं सरकवायचं, जॅक सुटलाच तर गाडी त्याच्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही. जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटही नाही, नट घरंगळत आत गेला तरी काठीने ओढा.

नवं चाक बसवलं की नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर. तेवढ्याने भागत नाही, थोडं अंतर चालल्यावर नट जागा धरतात आणि सैल पडू शकतात, त्यामुळे पेंचच्या जंगलात निघाले असेन तर वाटेत मनसरला थांबून परत एकदा पाना फिरवते आणि तिथेच स्टेपनीचं पंक्चर काढून घेते. तेव्हाच त्या स्टेपनीच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पण वाचून घ्या, २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातलं. या गाडीची स्टेपनी वर्षानुवर्षं वापराविना पडून असते, नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र कडक होऊन चिरा पडलेलं असतं, आणि टायर घेताना सी लिहिलेलं, जास्त वजन पेलणारंच घ्या, कारचं स्वस्त मिळतंय म्हणून ते नको.