बुडालेल्या झाडीच्या काठाकाठाने

शूलपाणीच्या झाडीतली नर्मदा परिक्रमेची जुनी वाट आज सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली आहे. बडवानीच्या पुढे सातपुडा आणि विंध्य इतके जवळ येतात की मधल्या अरुंद घळीतून मैया खडकांवर आपटत, वळणं घेत गुजरातकडे उतरायची. जुने परिक्रमावासी त्या घळीच्या कडेकडेने, पाण्याचा आवाज उजव्या कानाशी ठेवून चालत. आता पाटी, बोकराटा, धडगाव, मोलगी असं डोंगरमाथ्यांवरून जावं लागतं. मैया दिसते ती खूप खाली, पसरलेली, हिरवट, आणि तिचा आवाज येत नाही.

हे मला निघण्याआधीच ठाऊक होतं. माझं माहेर पाटणकडचं. आजोळचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं, त्यामुळे ‘धरणग्रस्त’ हा शब्द लहानपणापासून घरात ऐकलेला. आणि त्याच कोयनेच्या विजेवर आमच्या घरातला दिवा लागला, मी शिकले, हेही तितकंच खरं. ओंकारेश्वरला संकल्प करून परिक्रमा उचलली तेव्हा मैयाच्या दर्शनाबरोबर हेही बघायचं होतं, की नदी अडवली म्हणजे नेमकं काय अडतं.

त्याचं पहिलं उत्तर बकावांत मिळालं. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेला निघालं की खरगोन जिल्ह्यातलं हे गाव लागतं. घराघरांत नर्मदेच्या दगडाची शिवलिंगं घडतात. ज्या ओसरीत आम्ही पाणी प्यायला टेकलो, तिथे मोटरवर गरगरणारं चाक होतं आणि त्यावर एक तरुण करडा दगड धरून बसला होता. हाताला कोपरापर्यंत राखाडी पाण्याचे ओघळ. दर थोड्या वेळाने तो दगड उजेडात धरायचा, अंगठ्याने पुसायचा आणि त्यातली तांबूस रेघ बरोबर मध्यावर येते का ते बघायचा. “माताजी, हे जानवं आहे. हे तिरकं गेलं तर दगड वाया,” म्हणाला. हात सुंदर चालत होता.

पण हे काम पूर्वी मैया स्वतः करायची. ओंकारेश्वरच्या वरच्या अंगाला धाराजी म्हणून ठिकाण होतं. तिथे सबंध नदी खडकाच्या पायरीवरून खाली कोसळायची आणि खालच्या धावडी कुंडात दगड वर्षानुवर्षं भोवऱ्यात फिरून गुळगुळीत, लंबगोल व्हायचे. आपल्याकडे देव्हाऱ्यात बाणलिंग असतं, त्यांतली कितीतरी त्या कुंडातली. ओंकारेश्वर धरण 2007 मध्ये भरलं आणि धाराजीचा धबधबा जलाशयात गेला. कुंड जागेवर असेल, पण त्यात दगड फिरवणारं पाणी नाही.

दगड घासणारं तेच पाणी नदीतलं बाकीचं सगळं करतं. खडकांवर आपटताना ते हवा घेतं, म्हणून मासा जगतो. घळीतल्या खोल डोहांत उन्हाळ्यातही गारवा टिकतो. महाशीर अंडी घालतो ती वाहत्या पाण्यातल्या स्वच्छ गोट्यांमध्ये. मध्य प्रदेशाने या माशाला राज्यमासा केलं खरं, पण धरणांमागच्या साचलेल्या पाण्यात तो फारसा टिकत नाही. तिथे रोहू, कटला होतो, सोडलेल्या बीजातून वाढलेला. जलाशयाच्या तळाशी पाणी थंड आणि प्राणवायूला महाग. बुडालेलं झाडझाडोरं तिथे कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. आणि गाळ! जो गाळ खाली जाऊन मुखाजवळचा काठ बांधायचा, तो भिंतीमागेच बसतो. डोळ्यांना हे काहीच दिसत नाही. दिसतो तो एक निळा, शांत तलाव, आणि माणसं त्याचे फोटो काढतात.

धाराजीचं नाव मला आणखी एका कारणाने विसरता येत नाही. 2005 च्या एप्रिलमध्ये, भुतडी अमावास्येला, तिथे स्नानाला मोठी गर्दी जमली होती. वरच्या इंदिरासागरातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं गेलं. नदी रात्री अचानक वाढली आणि साठाहून जास्त माणसं वाहून गेली. पूर यायचा तर आधी आभाळ भरून येतं, पाण्याचा रंग बदलतो. काठच्या माणसाला ही खूण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. धरणाखालच्या नदीला अशी खूण उरत नाही.

झाडीत शिरलो तेव्हा बरोबरच्या मावशी जरा धास्तावल्या होत्या, जुन्या लुटालुटीच्या गोष्टी ऐकून. पूर्वी इथले मामा लोक, म्हणजे भिल्ल आदिवासी, परिक्रमावासीचं अंगावरच्या वस्त्रापर्यंत सगळं काढून घेत आणि ती मैयाचीच परीक्षा मानली जाई. आता त्याच पाड्यांवर हाक मारून बसवतात, चहा देतात. धडगाव तालुक्यात एका पावरा कुटुंबाने आम्हाला रात्री ठेवून घेतलं. ज्वारीची जाड भाकर, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. घरातल्या आजी पावरी बोलायच्या, नातू मराठीत सांगायचा. तो जीवनशाळेत शिकलेला होता. या बुडीत गावांतल्या मुलांसाठी नर्मदा बचाव आंदोलनाने ज्या निवासी शाळा काढल्या, त्यांतली एक.

सकाळी आजींनी मला उतारावर नेलं. पाणी हिवाळ्यात थोडं उतरलं होतं आणि डोंगराच्या पायथ्याला मातीचा उघडा, फिकट पट्टा पडला होता, त्यात सागाचे वठलेले बुंधे. त्यांनी काठीने पाण्याच्या मध्यावर दाखवलं आणि एकेक नाव घेत गेल्या. तिथे सपाट शेत होतं. तिथे मोहाची झाडं. तिथे नदीच्या वाळूत उन्हाळ्यात डांगर, काकडी व्हायची. तिथे देव. मग काठी वर फिरवून म्हणाल्या, “बाई, खालचं चांगलं ते गेलं. आता आम्ही वर दगडात पेरतो.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. घळीत सपाट जमीन मुळातच चिंचोळी, ती काठाला. ती बुडाली की माणूस चढावर सरकतो, उतार नांगरतो, जंगल मागे हटतं, आणि पहिल्या पावसात उताराची माती पुन्हा त्याच जलाशयात जाते. सरदार सरोवराखाली तेरा हजार हेक्टरांहून जास्त जंगल गेलं, असा हिशेब आहे. त्याच्या वरच्या चढावर मागाहून जे तुटलं ते त्या हिशेबात नाही.

एकट्या महाराष्ट्राची तेहतीस गावं बुडिताखाली आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) तालुक्यांतली. मणिबेली त्यांतलं पहिलं. नर्मदा जलविवाद लवादाने 1979 मध्ये राज्यांना पाणी वाटून दिलं तेव्हा अठ्ठावीस दशलक्ष एकर-फुटांतून आपल्या वाट्याला पाव दशलक्ष आलं, आणि विजेत सत्तावीस टक्के. ती वीज माझ्याही घरात येते. या डोंगरांत मात्र दवाखान्याला जायचं तर अजून कित्येकांना होडीने जावं लागतं.

बिलगावची गोष्ट मी आधी वाचली होती. उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदान करून 2003 मध्ये स्वतःचा छोटा वीजप्रकल्प उभा केला होता, पंधरा किलोवॉटचा. घरोघरी दिवा, मुलांना अभ्यासाला उजेड. 2006 च्या पावसाळ्यात जलाशयाचं पाणी मागे चढलं आणि तो बुडाला. वीज करायला सगळी घळ भरावीच लागते असं नाही, हे सिद्ध करणारी जागाच त्या पाण्याने घेतली. याचं दुःख मला मंदिर बुडाल्याच्या दुःखाहून कमी वाटत नाही.

माथासर, झरवाणी करत गोऱ्याला उतरलो. मूळ शूलपाणेश्वर पाण्यात. इथे नवं मंदिर आहे. पाया धरून 163 मीटर उंच आणि बाराशे मीटरहून लांब अशी सरदार सरोवराची ती भिंत प्रत्यक्ष समोर आली तेव्हा, खरं सांगते, माणसाच्या कर्तबगारीने ऊर भरून आला. 1961 मध्ये नेहरूंनी पायाभरणी केली आणि 2019 च्या सप्टेंबरात सरोवर पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरलं. अठ्ठावन्न वर्षं.

पुढे एका आश्रमात परिक्रमावासींना सदाव्रत (शिधा) वाटायला राजकोटकडचं कुटुंब आलं होतं. त्यांतल्या बेन माझ्याच वयाच्या. मी झाडीतलं सांगत गेले, त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “बेन, 1986 ला आमच्या गावाला रेल्वेने पाणी आणलं होतं. मी लहान जीव घेऊन घागर धरून उभी होते. माझ्या सुनेला ते माहीत नाही.” त्यांनी माझे पाय धरले, कारण त्यांच्या लेखी मी मैयाची परिक्रमा करणारी, आणि मैया त्यांच्या नळातून येते. त्यांच्यापुढे मी काय वाद घालणार? कच्छ आणि सौराष्ट्राला प्यायला पाणी, राजस्थानात जालोर-बाडमेरच्या शेतांना ओल, 1450 मेगावॉटची कोळशाशिवायची वीज, जी संध्याकाळी मागणी वाढली की काही मिनिटांत चालू करता येते. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. मला खटकतं ते एवढंच, की राजकोटच्या बेनना धडगावच्या आजींचं नावही ठाऊक नाही, आणि कुणी ते ठाऊक करूनही दिलेलं नाही.

समुद्राकडे जाताना दुसरं नुकसान दिसू लागतं. धरणाखाली नदीला जगण्यापुरतं म्हणून सहाशे क्युसेक पाणी ठरवलं होतं. एवढ्या मोठ्या पात्रात ते पुरत नाही, म्हणून भरतीचं खारं पाणी आत चढतं. भरूचकडचे मासेमार सांगतात, पावसाळ्यात समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला येणारा पाला (हिल्सा) मासा कमी झाला. विहिरी मचूळ झाल्या. आता खारं पाणी थोपवायला मुखाजवळ भाडभूतला बंधारा बांधताहेत, आणि तो झाला की पाल्याची वाटच बंद होईल म्हणून मासेमार धास्तावलेत.

होडीने मिठी तलाईला लागून उत्तर तट धरला. गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीपाशी मराठी माणसाचे पाय थांबतातच. 1914 मध्ये स्वामींनी इथे देह ठेवला. घाटावर बसून आम्ही करुणात्रिपदी म्हटली. खाली आता बंधारा आहे, पाणी तिथेही साचलेलं.

उत्तर तटाचं पुढचं बरंचसं चालणं जलाशयांना वळसे घालण्यात गेलं. इंदिरासागराची तर टोकंच सापडत नाहीत. 2004 मध्ये हरसूदसारखं भरलं शहर त्यात गेलं.

मग भेडाघाट. धुवांधारच्या कठड्याशी उभी राहिले आणि तुषारांनी अंग भिजलं. पुढे संगमरवराच्या पांढऱ्या कड्यांमधून पाणी इतकं अरुंद होऊन जातं की दोन्ही तट एका नजरेत मावतात. वर बरगीचं धरण आहे, त्यामुळे इथलं पाणीही सोडल्याप्रमाणे कमी-जास्त होतं, पण घळ शाबूत आहे. शूलपाणीची झाडी कशी असेल याची थोडीशी कल्पना मला इथे आली.

बरगी नर्मदेवरचं पहिलं मोठं धरण, 1990 च्या सुमारास पुरं झालेलं. त्याच्याही वर, मंडला-दिंडोरीकडे, बसनिया आणि राघवपूरची धरणं कागदावर आहेत. माझं म्हणणं स्पष्ट आहे: जी धरणं झाली ती झाली, त्यांतून खालच्या नदीला पुरेसं आणि ऋतूप्रमाणे पाणी सोडा, आणि जी वाहती नदी उरली आहे तिला आता हात लावू नका. गावोगावचे तलाव, ठिबक, शहरांच्या नळांची गळती, कालव्यांवरचे सौर पॅनल, एवढं सगळं पुरतं करून झालेलं नसताना आणखी एक खोरं बुडवायचा हक्क कुणाला नाही.

दिंडोरी जिल्ह्यात एका गोंड पाड्यावर मुक्काम होता. रात्री शेकोटीपाशी पंधरावीस माणसं जमली. महाराष्ट्रातली माताजी खालून चालत आली आहे म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, खालच्या लोकांचं काय झालं? मी आजींचं सांगितलं, दगडातल्या पेरणीचं, होडीतल्या आजाऱ्यांचं, बिलगावच्या दिव्यांचं. राजकोटच्या बेनचंही सांगितलं, काही न वगळता. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “त्यांना पाणी मिळालं हे बरं झालं. पण आमच्याकडून आता कुणाची तहान भागवायची आहे?” मला उत्तर देता आलं नाही. सकाळी निघताना त्यांनी ग्रामसभेच्या ठरावाची प्रत माझ्या झोळीत घातली, गावाकडे वाचून दाखवा म्हणाले.

तो ठराव मी पाटणला आमच्या पुनर्वसित वसाहतीच्या बैठकीत वाचला. पुढच्या हिवाळ्यात आमच्यातले काही जण बसनियाच्या बुडितात येणाऱ्या गावांतून चालणार आहेत.