क्रूझच्या आगेमागे इटलीच्या खेड्यांत : खासगी गाडी ठरवण्याचा माझा अनुभव

भूमध्य समुद्रातील क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम’ आणि ‘फ्लॉरेन्स’ अशी नावे छापलेली असली, तरी जहाज त्या शहरांपर्यंत पोहोचत नाही. रोमसाठी ते चिव्हितावेक्किया या बंदरात लागते आणि तेथून रोम ७० ते ८० किलोमीटरवर आहे. फ्लॉरेन्ससाठी ते लिव्होर्नो येथे थांबते आणि पुढे सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता उरतो. बंदरावर मिळणाऱ्या आठ-नऊ तासांतून जाण्यायेण्याचा वेळ वजा केला, की प्रसिद्ध इमारतींसमोरच्या रांगेत उभे राहण्यापुरतेच तास हाती राहतात. हे गणित मांडल्यावर आम्ही दोन्ही शहरे वगळली आणि त्याच बंदरांच्या आसपासची खेडी, शेते आणि टेकडीवरची गावे पाहायचे ठरवले.

या निर्णयामागे आमच्या घरचीही कारणे होती. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहेत आणि माळकरी आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुलगी आठ वर्षांची आहे. प्रवास सप्टेंबरच्या पूर्वार्धातच व्हायला हवा होता, कारण एप्रिलची, काडी तयार करण्यासाठीची खरड छाटणी कधीच उरकली असली, तरी फळछाटणीच्या आधी बागेत परत आलेच पाहिजे, ही अण्णांची अट होती. योगायोगाने तेच दिवस इटलीत द्राक्षतोडणीचे असतात.

स्वतः गाडी चालवण्याचा विचार माझ्या पतींनी आधी केला होता. परंतु इटलीच्या बहुतेक जुन्या गावांत बाहेरच्या वाहनांना बंदी असलेला भाग असतो, त्याच्या वेशीवर कॅमेरे असतात आणि नकळत आत शिरलेल्या गाडीचा दंड कित्येक आठवड्यांनी घरच्या पत्त्यावर येतो. शिवाय जहाज सुटण्याच्या वेळेपूर्वी भाड्याची गाडी परत करून बंदरात पोहोचणे, हे आई-वडील आणि लहान मूल सोबत असताना आम्हाला नको होते. म्हणून चालकासह गाडी घेण्याचे ठरले.

इटलीत अशा सेवेसाठी टॅक्सीपेक्षा वेगळा परवाना असतो आणि तिचे नियम १९९२ च्या कायद्याने ठरवलेले आहेत. हा परवाना नगरपालिका देते, गाडीवर त्याचा फलक असतो आणि अशी गाडी रस्त्यात हात दाखवून थांबवता येत नाही. ती आधीच ठरवावी लागते. त्यामुळे पत्रव्यवहार करताना मी प्रत्येकाकडे पहिली मागणी परवाना क्रमांकाची आणि विम्याच्या कागदाची केली. ज्यांनी ती टाळली, त्यांच्याशी पुढे बोलणे केले नाही.

दुसरी मागणी अशी होती, की दिवसाचा आराखडा तासांसह लिहून पाठवावा, आणि खरी परीक्षा त्यातच होती. लिव्होर्नोच्या दिवसासाठी आलेल्या पहिल्या काही आराखड्यांत पिसा, फ्लॉरेन्स आणि सान जिमिन्यानो ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात कोंबलेली होती. नकाशा उघडून पाहिला, तर त्यातला निम्म्याहून अधिक वेळ गाडीतच जाणार होता. याउलट ज्या चालकांना आम्ही शेवटी निवडले, त्यांनी उत्तरात आधी प्रश्नच विचारले : सासूबाई एका दमात किती चालू शकतात, पायऱ्या चढतात का, मुलीची उंची किती, म्हणजे तिच्यासाठी गाडीत वेगळे आसन ठेवायचे का, आणि जहाजावर परतण्याची अखेरची वेळ कोणती. माणूस कोणते प्रश्न विचारतो, यावरून त्याचे काम कळते, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

दरांत बराच फरक होता. आठ तासांसाठी सात-आठ जणांच्या व्हॅनचे ५५० ते ८०० युरो सांगितले गेले. टोल, वाहनतळ आणि बंदरात शिरण्याचे शुल्क त्यात धरले आहे का, हे विचारल्याशिवाय या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. जहाज कंपनीच्या बससहलीचा दर माणशी असतो, त्यामुळे पाच जणांच्या कुटुंबाला खासगी गाडी काही फार महाग पडली नाही. दोघांनाच जायचे असते, तर हिशेब वेगळा झाला असता.

एक फरक मात्र पैशांत मोजता येत नाही. जहाज कंपनीची स्वतःची सहल उशिरा परतली, तर जहाज तिच्यासाठी थांबते किंवा कंपनी प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची व्यवस्था करते. खासगी गाडीसाठी जहाज थांबत नाही. म्हणून आम्ही लेखी ठरवले, की अखेरच्या वेळेपूर्वी निदान दीड तास गाडी बंदराच्या फाटकात असेल. दुसरे कलम असे, की हवामानामुळे जहाजाने ते बंदरच टाळले, तर आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल. तिसरे कलम भेटण्याच्या जागेचे. लिव्होर्नो हे मालवाहतुकीचे बंदर असल्याने जहाजातून उतरून पायी बाहेर पडता येत नाही. प्रत्येक बंदराचा नियम निराळा असल्यामुळे गाडी जहाजाजवळ येणार की फाटकाबाहेर, हे आधी लिहून घेतलेले बरे.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगते. सर्वाधिक मुक्काम इटलीत असल्याने अर्ज इटलीकडेच केला. क्रूझच्या तिकिटाबरोबर जहाजावर चढण्याआधीच्या शेतघरातील मुक्कामाचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडला. जहाज शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर, जाऊन परत येणार असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो. खासगी गाडीच्या आरक्षणाचा या कागदपत्रांशी काही संबंध येत नाही.

क्रूझ सुरू होण्यापूर्वीचा भाग आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला होता. रोमच्या विमानतळावरून चिव्हितावेक्कियाला गाडीने तासाभरात पोहोचता येते, पण आम्ही आधी उत्तरेकडे ऑर्व्हिएतोजवळच्या शेतघरात राहून तेथून बंदराकडे उतरलो. ऑर्व्हिएतो हे ज्वालामुखीच्या मऊ दगडाच्या पठारावर वसलेले गाव आहे. येथील कॅथीड्रलचे काम १२९० मध्ये सुरू झाले आणि त्याच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे आडवे पट्टे आहेत. अण्णांना मात्र कॅथीड्रलपेक्षा तेथील विहिरीने अधिक गुंतवून ठेवले. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवे क्लेमेंट या गावात आश्रयाला आले आणि वेढा पडला तरी पाणी कमी पडू नये, म्हणून त्यांनी ही विहीर खोदवली. ती ५० मीटरांहून अधिक खोल आहे आणि तिच्यात एकमेकांत गुंफलेले दोन स्वतंत्र गोल जिने आहेत. पाणी आणायला उतरणारी खेचरे आणि पाणी घेऊन वर येणारी खेचरे समोरासमोर येऊच नयेत, अशी ती रचना आहे. २४८ पायऱ्या मी आणि मुलीने उतरून पाहिल्या. अण्णा वरून डोकावत खोदाईच्या खर्चाचा अंदाज बांधत राहिले.

जवळच्या चिव्हिता दी बान्योरेज्योला न जाण्याचा सल्ला चालकांनीच दिला. मातीच्या थरावर उभे असलेले आणि कडेकडेने ढासळत चाललेले ते गाव एका लांब पादचारी पुलाने जोडलेले आहे, त्याचा शेवटचा चढ तीव्र आहे आणि गावात शिरण्यासाठी २०१३ पासून शुल्क द्यावे लागते. समोरच्या कड्यावरून ते सगळे गाव नीट दिसते आणि तेथपर्यंत गाडी जाते. सासूबाईंनी बाकावर बसून निवांत पाहिले. पैसे घेणारा माणूस एखादे ठिकाण वगळा असे सांगतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

बंदराच्या वाटेवर तार्क्विनिया येथे एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या चित्रांकित कबरी पाहिल्या. त्या २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. जिना उतरून काचेच्या दाराआडून आतली मेजवानीची, नाचाची, शिकारीची चित्रे पाहायची असतात. येथे एक नियम समजला. इटलीत स्मारकांमध्ये माहिती सांगण्याचा अधिकार परवानाधारक मार्गदर्शकालाच असतो. चालक गाडीत कितीही बोलू शकतात, पण आत येऊन समजावून सांगू शकत नाहीत. मार्गदर्शक हवा असेल, तर तो वेगळा ठरवावा लागतो. आम्ही तो फक्त येथेच घेतला होता.

लिव्होर्नोच्या दिवशी साडेआठला निघालो आणि दक्षिणेकडे बोल्गेरीला गेलो. महामार्गापासून गावापर्यंत जवळजवळ पाच किलोमीटर सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुरूसारखी दिसणारी उंच सायप्रस झाडे आहेत. १९०६ चे नोबेल मिळवणारे कवी जोझुए कार्दुच्ची यांचे बालपण याच परिसरात गेले आणि या झाडांना कीर्ती मिळाली ती त्यांच्या कवितेमुळे. आज मात्र जगभरचे लोक बोल्गेरीला येतात ते वाइनसाठी. फ्रान्समधील कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात येथे रुजली आणि १९६८ च्या हंगामाची सास्सिकाया ही वाइन बाजारात आल्यावर या किनारपट्टीचे भाग्य पालटले.

अण्णा माळकरी असल्याने चाखण्याचा कार्यक्रम आमच्या कामाचा नव्हता. चालकांनी एका लहान बागेच्या मालकांना आधीच कळवले होते, की एक शेतकरी येत आहेत, त्यांना वाइन नको, बाग पाहायची आहे. आमच्या संपूर्ण प्रवासातला हा तास सर्वात भरीव होता. निफाडकडे वेल मांडवावर किंवा इंग्रजी वाय आकाराच्या तारांवर चढवतात आणि घड डोक्याच्या आसपास येतात. येथे वेल उभ्या तारांवर बांधलेले आणि घड गुडघ्याच्या थोडे वर. अण्णा वाकून वाकून मणी पाहत होते. निर्यातीच्या द्राक्षासाठी आपल्याकडे १६ मिलिमीटरच्या वरचा मणी लागतो, त्यासाठी घडातले मणी विरळ करतात आणि मणी फुगवणाऱ्या जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवतात. येथे मणी जितका लहान आणि साल जितकी जाड, तितका तो मोलाचा. मालकांना दोन छाटण्यांचे नवल वाटले. त्यांच्याकडे थंडीत वेल पाने गाळून झोपतो आणि तेव्हा एकदाच छाटणी होते; आपल्याकडे वेलाला झोपवणारी थंडीच नाही, म्हणून एप्रिलमध्ये काडी तयार करण्यासाठी आणि पावसाळा सरताना फळासाठी, अशा दोन छाटण्या घेऊन पीक मात्र एकच काढतात. माझे पती दुभाष्याचे काम करत होते, पण थोड्या वेळाने अण्णा आणि मालक दोघेही बोटांनी वेलाचे डोळे आणि काड्या दाखवत आपापल्या भाषेत बोलू लागले आणि त्यांना कोणाची गरज उरली नाही. त्यामुळे निघायला पंधरा मिनिटे उशीर झाला. चालकांनी ती व्होल्तेरातल्या वेळातून कापली, परतीच्या वेळेला हात लावला नाही.

व्होल्तेराला जेवणापर्यंत पोहोचलो. अलाबास्टर या मऊ, अर्धपारदर्शक दगडाच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाला एत्रुस्कन काळाची कमान आहे. १९४४ मध्ये माघार घेणारे जर्मन सैन्य ती उडवणार होते. तेव्हा गावकऱ्यांनी रस्त्याची फरसबंदी उखडून त्या दगडांनी कमान बुजवली आणि वाचवली. जेवणाचा प्रश्न येथे सहज सुटला. इटलीतील बहुतेक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरतात, त्यामुळे ‘शाकाहारी’ एवढे सांगून माळकरी माणसाचे भागत नाही. व्होल्तेराच्या परिसरातील मेंढीच्या दुधाचे एक पेकोरिनो चीज मात्र रानटी आर्टिचोकच्या फुलांपासून केलेल्या विरजणाने जमवतात. चालकांनी ते शोधून ठेवले होते. त्याच्याबरोबर मध, पांढऱ्या घेवड्याची भाजी आणि मीठ नसलेला टस्कनी प्रांतातला पाव होता. पाव अण्णांना अळणी लागला आणि त्यांनी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली.

चार वाजून गेल्यावर लगेचच बंदरात होतो. बससहलीला फ्लॉरेन्सला गेलेली मंडळी त्यानंतर बऱ्याच वेळाने परतली.

नेपल्सच्या बंदरातून बहुतेक लोक पॉम्पेई किंवा अमाल्फीच्या किनाऱ्याकडे जातात. आम्ही सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला पेस्तुम येथे गेलो. तेथे इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांतील तीन ग्रीक मंदिरे सपाट माळावर उभी आहेत. जमीन समतल असल्याने सासूबाई एकही पायरी न चढता ती मंदिरे सर्व बाजूंनी पाहू शकल्या. भोवतालचा सेले नदीचा प्रदेश म्हशींचा आहे आणि तिथल्याच दुधाची मोझरेल्ला जगप्रसिद्ध आहे. तिच्यातही वासराचे रेनेट असते, म्हणून एका गोठ्यावर आम्ही म्हशीच्या दुधाचे दही आणि आइस्क्रीम घेतले. त्या म्हशींची मागे वळलेली आखूड शिंगे पाहून सासूबाईंनी पंढरपुरी म्हशीच्या खांद्यापलीकडे जाणाऱ्या शिंगांचे वर्णन सुरू केले आणि गोठ्यातल्या मुलीला ते हातवाऱ्यांनी पटवूनही दिले. परतीच्या वाटेवर सालेर्नोजवळ वाहने खोळंबली होती. राखून ठेवलेल्या दीड तासांतला निम्मा वेळ तेथेच गेला, आणि ते कलम कशासाठी घातले होते, हे सर्वांना पटले.

क्रूझच्या शेवटच्या सकाळी कोणतेही ठिकाण ठेवले नव्हते. जहाजातून सामानासह उतरायला किती वेळ लागेल, हे प्रवाशाच्या हाती नसते, म्हणून विमान दुपारनंतरचे घेतले होते आणि चालकांना फक्त बंदर ते विमानतळ एवढेच काम दिले होते. उरलेली रक्कम रोख द्यायची ठरली होती. त्यांनी पावती आधीच तयार ठेवली होती, आणि पुढच्या खेपेला तोडणी ऐवजी जानेवारीतली छाटणी पाहायला या, असे अण्णांना सांगितले. जानेवारीत आमची द्राक्षे तोडणीला आलेली असतात, हे अण्णांनी त्यांना समजावून सांगितले आणि नोव्हेंबरवर तडजोड झाली. तेव्हा तिकडे पाने गळत असतात आणि इकडे घड फुलोऱ्यात असतात, त्यामुळे तेही जमणार नाही, हे अण्णांच्या लक्षात आले ते विमानात बसल्यावर.