डरहॅमची काळी रेघ आणि व्हिटबीचा मठ

उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ, फरशीत एक काळी पट्टी बसवलेली आहे. मधोमध छोटासा क्रूस. दगड जवळच्याच फ्रॉस्टर्लीचा. वाकून पाहिलं तर त्यात प्रवाळांचे पांढरट अवशेष दिसतात. तिथल्या एका स्वयंसेवक आजींनी आईला आणि मला थांबवून सांगितलं, की इथे मठ होता तेव्हा बायकांना या रेघेच्या पुढे जाता येत नसे. पलीकडे सेंट कथबर्टची समाधी आहे आणि त्या संताला स्त्रिया जवळ आलेल्या चालत नसत, अशी समजूत होती.

आईने मला विचारलं, "हे त्याने स्वतः सांगितलं होतं का गं?" मी प्रश्न इंग्रजीत पुढे पोचवला. आजी म्हणाल्या, "नाही. तो गेल्यानंतर चारशे वर्षांनी लोक असं सांगायला लागले."

यॉर्कबद्दल मी काही लिहिणार नाही. गर्दी होती, खाणं महाग होतं. लिंडिसफार्न बेटावर भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत गेलो, बेट सुंदर आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच असतात. मला लिहायचं आहे ते या रेघेबद्दल, कारण तिचा मला मनापासून राग आला आणि अजूनही येतो.

कथबर्ट वारला 687 साली. त्याचं चरित्र लिहिलं बीडने. जॅरोच्या मठात आयुष्य काढलेला आणि 731 साली इंग्लंडच्या धर्मप्रसाराचा इतिहास पुरा करणारा हा विद्वान कथबर्टच्या मृत्यूच्या वेळी शाळकरी वयाचा होता, म्हणजे ज्यांनी त्या संताला पाहिलं होतं अशा माणसांना तो विचारू शकत होता. त्या चरित्रातला कथबर्ट बायकांपासून पळत नाही. कोल्डिंगहॅमच्या मठाची प्रमुख एब्बा त्याला बोलावते, तो तिच्याकडे जाऊन राहतो. रात्री समुद्रात गळ्यापर्यंत उभं राहून त्याने प्रार्थना केली आणि बाहेर आल्यावर पाणमांजरांनी त्याचे पाय कोरडे केले, ही त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट त्याच मुक्कामातली. व्हिटबीची मठाधिपती एल्फ्लेड त्याला राजकारणातले अवघड प्रश्न विचारायला कॉकेट बेटावर बोलावते, तेव्हाही तो जातो. आणि मरताना तो सांगतो, की व्हेर्का नावाच्या मठाधिपतीने दिलेलं तागाचं वस्त्र मी जिवंतपणी वापरलं नाही, पण तिच्यावरच्या प्रेमापोटी जपून ठेवलं आहे, त्यातच मला गुंडाळा.

म्हणजे एका बाईने दिलेलं वस्त्र अंगावर घेऊन पुरला गेलेला माणूस, आणि त्याच्या नावाने बायकांना रेघ!

कथबर्टचे अवशेष व्हायकिंगांच्या भीतीने 875 साली लिंडिसफार्नहून हलवले, वर्षानुवर्षं ठिकठिकाणी नेले आणि 995 साली ते डरहॅमला आले. त्यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये बायकामुलं असलेले धर्मोपदेशक होते. 1066 नंतर फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांचं राज्य सुरू झालं. 1083 साली बिशप विल्यमने या संसारी मंडळींना बाहेर काढलं आणि ब्रह्मचारी बेनेडिक्टीन साधू आणून बसवले. मग त्यांच्यातल्याच सिमियनने मठाचा इतिहास लिहिला आणि कथबर्टला स्त्रियांचं वावडं असल्याच्या गोष्टी त्यात आल्या. ज्यांना हुसकावलं ते बायकोवाले होते, एवढं ध्यानात घेतलं की या गोष्टी कोणाच्या सोयीच्या होत्या ते कळतं.

पुढे 12व्या शतकात मेरीमातेचं चॅपल पूर्वेला, समाधीच्या बाजूला बांधायला घेतलं तर भिंतींना तडे गेले. जमीन भुसभुशीत असेल, पण ठपका कथबर्टच्या नाराजीवर आला आणि चॅपल थेट पश्चिमेच्या टोकाला गेलं. त्याला गॅलिली चॅपल म्हणतात. बायकांना तिथे यायला मुभा होती. बीडची कबर आता तिथेच आहे.

आईने 2016 साली शनी शिंगणापूरच्या चौथऱ्याच्या सगळ्या बातम्या टीव्हीसमोर बसून पाहिल्या होत्या. ती काही बोलली नाही. रेघ ओलांडून सरळ मुख्य वेदीच्या मागे गेली, पायऱ्या चढली आणि कथबर्टचं नाव कोरलेल्या साध्या शिळेपाशी हात जोडून उभी राहिली.

तिथल्या संग्रहालयात आम्ही बराच वेळ होतो. कोरीव लाकडी शवपेटीचे तुकडे, सोन्याचा आणि गार्नेट खड्यांचा क्रूस, आणि सोन्याच्या तारेने भरलेली धर्मवस्त्रं. ही वस्त्रं 10व्या शतकाच्या सुरुवातीची, एल्फ्लेड नावाच्याच एका राणीने करवून घेतलेली. पुढे ती कथबर्टला वाहिली गेली. हजार वर्षांनंतरही त्या भरतकामातल्या माणसांचे चेहरे ओळखू येतात. मला या दालनातून निघवत नव्हतं.

तिथून व्हिटबी. खरं तर आमच्या यादीत नव्हतं, पण एल्फ्लेडचं गाव म्हटल्यावर आईने हट्ट धरला. मिडल्सबरोहून छोटी रेल्वे आहे. गाव माणसांनी भरलेलं, आणि दुकानांमध्ये जिकडे तिकडे रक्त पिणारी पिशाच्चं, कारण एका गाजलेल्या कादंबरीतला काही भाग इथे घडतो. इथला मठ स्थापणाऱ्या हिल्डाच्या गावात हिल्डा शोधावी लागते याचं वाईट वाटलं. शेवटी ती दगडात सापडली. इथल्या किनाऱ्यावर मिळणारे वेटोळे जीवाश्म म्हणजे हिल्डाने दगड केलेले साप, असं लोक सांगत आले. आईने दुकानातला तुकडा उचलला आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला शाळिग्राम." जात तीच, अ‍ॅमोनाइट.

199 पायऱ्या आई थांबत थांबत चढली. वर मठाचे अवशेष आहेत. दिसणाऱ्या कमानी बऱ्याच नंतरच्या, पण हिल्डाने 657 साली मठ स्थापला तो इथे. पुरुष आणि स्त्रिया दोघांचा मठ, आणि प्रमुख ती. तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण बिशप झाले. ईस्टरची तारीख आयरिश पद्धतीने काढायची की रोमन, हा तंटा 664 साली तिच्याच मठात सुटला. ती स्वतः आयरिश बाजूची होती, पण निकाल रोमकडे गेला आणि तिने तो मानला. गुरं राखणाऱ्या कॅडमनला गाणं सुचलं तेव्हा त्याला ऐकून मठात घेणारीही तीच. त्याच्या नऊ ओळी आज इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या कवितांमध्ये मोजल्या जातात.

अँग्लो-सॅक्सनांचा धर्मप्रसार म्हटलं की 597 साली केंटला उतरलेला ऑगस्टीन आणि स्कॉटलंडच्या आयोना बेटाहून 635 साली आलेला एडन, हीच नावं पुढे येतात. दोघंही मोठे, विशेषतः एडन, जो राजाने दिलेला घोडा भिकाऱ्याला देऊन पायी फिरला. पण ऑगस्टीन येण्याआधीच केंटची राणी बर्था कँटरबरीत प्रार्थनेला जात होती. तिची मुलगी एथेलबर्गा लग्न होऊन उत्तरेला नॉर्थंब्रियात आली ती आपला धर्म आणि आपला बिशप बरोबर घेऊन. तिचा नवरा एड्विन 627 साली ख्रिस्ती झाला आणि त्याच वेळी तेरा वर्षांच्या हिल्डाचा बाप्तिस्मा झाला. एथेलबर्गाची मुलगी एअन्फ्लेड, आणि तिची मुलगी ही आपली एल्फ्लेड, जिला जेमतेम वर्षाची असतानाच हिल्डाच्या ओटीत घातलं होतं. पणजीपासून पणतीपर्यंत चार पिढ्या. हिल्डानंतर मठ एअन्फ्लेड आणि एल्फ्लेड या मायलेकींनीच सांभाळला आणि त्या दोघी इथेच पुरल्या गेल्या, हे बीडने नोंदवून ठेवलं आहे.

वर वारा इतका होता की छत्री उघडणं शक्य नव्हतं, बसायला आडोसा मिळाला नाही, आणि आई तरीही निघायचं नाव घेईना. जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा, गाड्या मोजक्याच आहेत. खाली मासे-चिप्सच्या रांगेत वेळ घालवू नका, तो वेळ वर द्या.